तुमचं खोटं, माझ्या जपानीत

बाबा, तुम्हाला जाऊन आता दहा वर्षं होत आली. घरात तुमचा विषय निघाला की सगळे आवाज खाली आणतात आणि मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. लोकांना वाटतं, हिला अजून सहन होत नाही. सहन होत नाही हे खरं, पण ते दुःख नाही. मला तुमचा राग येतो. तुम्ही होतात तेव्हाही येत होता, गेलात त्या दिवशीही होता, आणि तुमच्या फोटोला हार घालताना तर इतका आला की आत्याला वाटलं मला चक्कर येतेय. तिने मला धरून खुर्चीवर बसवलं. मी बसले. तुमच्या बाबतीत मी लोकांना जे वाटतं ते नेहमी वाटू दिलं.

भूकंप झाला तेव्हा मी तेरा वर्षांची होते. जपानमधल्या एदोगावातल्या त्या सहाव्या मजल्यावर आपण दोन दिवस बूट घालूनच झोपलो होतो. पुढच्या दोन आठवड्यांत बिल्डिंगमधली अर्धी भारतीय कुटुंबं बॅगा भरून विमानतळावर गेली. आईचीही बॅग दाराशी उभी होती. तुम्ही ती उघडलीत आणि एकेक कपडा नीट घडी करून परत कपाटात ठेवलात. "आपण घाबरणारी माणसं नाही," म्हणालात. ऑफिसातल्या जपानी लोकांनी तुमचं फार कौतुक केलं, मुंबईच्या साहेबांनी पोस्टिंग वाढवून दिलं, आणि ते वाक्य तुमच्या अंगात भिनलं. दातांच्या डॉक्टरकडे मी रडले तरी तेच, आई लिफ्टमध्ये शिरायला कचरली तरी तेच. मला ते खरंही वाटायचं. वॉर्डातल्या जपानी शाळेत सबंध वर्गात मी एकटी भारतीय मुलगी, रोज सकाळी शाळेच्या दाराशी बूट बदलताना मी ते वाक्य मनातल्या मनात म्हणायचे.

विंडसर्फिंग तुमच्या आयुष्यात आलं ते त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात. ऑफिसातले काहीजण तुम्हाला चिबाच्या किनाऱ्यावर घेऊन गेले. एक लांब फळी, तिच्यावर उभं केलेलं शीड, शिडाला आडवा दांडा, तो दोन्ही हातांनी धरायचा आणि वाऱ्यावर रेलायचं. त्सुनामीनंतरचं ते वर्ष. समुद्राकडे कुणी फिरकत नव्हतं, किनाऱ्यावर फळ्या भाड्याने देणाऱ्या दुकानाच्या मालकांना गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी तुम्हाला दिवसभर शिकवलं. सत्तेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, टायशिवाय घराबाहेर न पडणारा माणूस संध्याकाळी लाल तोंडाने घरी आला आणि आईला म्हणाला, "अगं, मी उभा राहिलो!" तेव्हा मलाही तुमचा अभिमान वाटला होता. पुढच्या सप्टेंबरात तुम्ही मला शिकवायला लागलात. कमरेइतक्या पाण्यात माझा पट्टा धरून उभे राहायचात, ओरडायचात, "गुडघे वाकव, हात नको वाकवूस!" मी पडले की तुम्ही हसायचात, तुम्ही पडलात की मी. मला हिवाळ्यासाठी म्हणून तळवे उघडे असलेले हातमोजे आणून दिलेत, म्हणजे दांड्यावरची पकड सुटणार नाही. ते दिवस चांगले होते, बाबा. ते चांगले नसते तर मला इतका राग आला नसता.

आता त्या रविवारचं. भूकंपानंतरचा दुसरा हिवाळा, जानेवारी. हायस्कूलची प्रवेश परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली. मी टेबलाशी बसून इतिहासाची उजळणी करतेय आणि तुम्ही दारात उभे, गाडीची किल्ली हातात. "एक तास. डोकं मोकळं होईल तुझं." मी म्हटलं, नको. आई म्हणाली, "तिची परीक्षा आहे हो." तुम्ही म्हणालात, "परीक्षा हिची आहे की तुझी?" आणि मी वही मिटली, कारण तुमच्या दोघांचं भांडण ऐकण्यापेक्षा समुद्र बरा. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय. मी नको म्हटलं होतं. त्या घरात, त्या सकाळी, आईच्या समोर.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा ऊन होतं आणि पाणी काचेसारखं. दुकानाच्या मालकांनी बाहेरच्या फळ्यावर वाऱ्याची दिशा लिहिली होती आणि तिच्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. ते माझ्याशी बोलले, कारण तुमचं जपानी नमस्कार, धन्यवाद आणि स्टेशनांच्या नावांपलीकडे कधी गेलं नाही. ते म्हणाले, आज उत्तरेचा वारा आहे, जमिनीकडून समुद्राकडे जाणारा. काठाला शांत वाटेल, आत गेलं की ढकलत नेईल. दुपारी वाढणार. तुझ्यासाठी नाही, वडिलांसाठीही नाही. त्यांना सांग. मी शब्दन् शब्द सांगितलं. तुम्ही म्हणालात, "त्यांना सांग, आम्ही काठाजवळच राहू." मग माझ्याकडे वळून, "तुला भीती वाटते का?" मी पंधरा वर्षांची होते, बाबा. या प्रश्नाला आपल्या घरात एकच उत्तर होतं.

तुमच्या अंगावर कोरडा सूट होता, मानेला आणि मनगटाला रबराने आवळलेला, आत थेंब जात नाही असा. माझ्या अंगावर उन्हाळ्यात घेतलेला जुना सूट, मानेशी सैल. पहिल्यांदा पडले तेव्हा पाणी पाठीवरून खाली उतरलं आणि श्वासच बंद झाला. तुम्ही पुढे होतात. वाऱ्याने मलाही पुढे नेलं, किती ते मला कळलंच नाही. आत गेल्यावर काच फुटल्यासारखं पाणी उसळायला लागलं. मी पडले, शीड पाण्याखाली गेलं, मी फळीवर चढून दोरीने ते वर ओढायला लागले. ओढलं, पडले. पुन्हा ओढलं, पुन्हा पडले. सातव्या-आठव्या वेळी बोटं दोरीभोवती मिटेनात. मागे पाहिलं तर दुकान काडेपेटीएवढं दिसत होतं.

तुम्ही वळून आलात. माझ्यापासून एका खोलीइतक्या अंतरावरून गेलात. मी ओरडले, "बाबा, मला जमत नाहीये!" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तो चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता, भूकंपातही नाही. मग तुम्ही शीड फिरवलंत आणि किनाऱ्याच्या दिशेने निघून गेलात. एक शब्द न बोलता.

यावर मी वर्षानुवर्षं विचार केलाय, आणि आज मला या पाण्यातलं तुमच्याहून जास्त कळतं, म्हणून न्यायाने लिहिते. जाणं चूक नव्हतं. तसल्या वाऱ्यात एका शिडाने दुसऱ्याला ओढता येत नाही. तुम्ही थांबला असतात तर दोघंही वाहत गेलो असतो. मदत आणायला जाणं हेच बरोबर होतं. पण 'मदत आणतो' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मला कळलंच नाही तुम्ही कशाला चाललात. मी फळीवर पालथी पडून राहिले, शीड पाण्यात तसंच ठेवलं, आणि मला वाटत राहिलं की मी काहीतरी वाईट वागले म्हणून बाबा निघून गेले. थोड्या वेळाने थरथर थांबली. तेव्हा मला बरं वाटलं. थरथर थांबणं हे वाईट लक्षण असतं हे नंतर कळलं.

नोरीची शेती करणाऱ्या एका आजोबांनी मला उचललं. हिवाळाभर ते खाडीत जाळ्यांवर समुद्री शेवाळ वाढवतात, त्यांची होडी कामावरच होती. त्यांनी कमरेच्या पट्ट्याला धरून मला पोत्यासारखं आत ओढलं आणि "बाका!" म्हणून ओरडले. मूर्ख. मग स्वतःचा कोट काढून माझ्यावर टाकला, मला इंजिनाच्या पेटीला टेकवून बसवलं आणि काठाला लागेपर्यंत माझ्या गालावर चापट्या मारत राहिले, झोपू नकोस, झोपू नकोस. दुकानातून फोन आला म्हणाले. मालक दुर्बिणीतून बघत होते. मी तिसऱ्यांदा पडले तेव्हाच त्यांनी फोन केला होता. म्हणजे तुम्ही काठाला लागलात तोवर होडी निघालेली होती. तुम्हाला कुणालाही काही सांगावं लागलं नाही.

मला दुकानात आणलं तेव्हा तुम्ही रॉकेलच्या स्टोव्हपाशी बसला होतात. तुमच्या अंगावर कोरडे कपडे होते. स्वेटर, मोजेसुद्धा. तुम्ही उठलात, मला जवळ घेतलंत. तिथवर सगळं ठीक होतं. तिथे थांबला असतात तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

मग किनारा सुरक्षा दलाचे अधिकारी आले. गुडघ्यांवर बसले, वही उघडली, आणि मला सौम्यपणे विचारलं, वाऱ्याची सूचना मिळाली होती का? आत जायचं कुणी ठरवलं? मी दोन ब्लँकेटांत, दात वाजतायत, आणि तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारता, "काय म्हणतोय तो?" मी सांगते. तुम्ही अधिकाऱ्याच्या वहीकडे बघता. मग मराठीत, अगदी साध्या आवाजात, जणू दुकानात भाव विचारायला सांगताय, "सांग, बाबा नको म्हणत होते. मीच हट्ट केला." मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, "अगं, तू लहान आहेस, तुला कुणी काही करणार नाही. माझं नाव कंपनीकडे गेलं तर पुढच्या महिन्यात आपण पुण्याला. सांग."

आणि मी सांगितलं. चांगल्या जपानीत, क्रियापदं नीट जागेवर ठेवून. वडील नको म्हणत होते. मी ऐकलं नाही. दुकानाचे मालक अधिकाऱ्याच्या मागेच उभे होते. सकाळी त्यांनी जे सांगितलं आणि त्यावर तुम्ही जे उत्तर दिलंत, ते त्यांनी ऐकलं होतं, माझ्याच तोंडून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तुमच्याकडे पाहिलं, आणि स्टोव्हची वात खालीवर करायला वाकले. अधिकाऱ्याने मला दहा मिनिटं सुनावलं. आईवडिलांचं मन, किती लोकांना त्रास, जिवाची किंमत. मी वाकून माफी मागितली. तुम्हीही माझ्या शेजारी वाकलात, वाया गेलेल्या मुलीच्या बापासारखे.

पुढच्या रविवारी मिठाईचा खोका घेऊन आपण नोरीवाल्या आजोबांच्या घरी गेलो. मला ताप होता. ट्रेनमध्ये तुम्ही मला समजावत होतात, "नीट वाक. त्या दिवशी कमी वाकलीस." आजोबांनी खोका घेतला, मला उलट नोरीचं पाकीट दिलं आणि म्हणाले, वडिलांना किती काळजी वाटली असेल. मी भाषांतर केलं. तुम्ही म्हणालात, "सांग, फार." मी सांगितलं, फार.

आईला तुम्ही तीच गोष्ट सांगितलीत, फक्त आता तीत तुम्ही धावत जाऊन होडी पाठवली होतीत. मी नको म्हणत होते हे आईने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तिने विचारलंही, "पण ही तर नको म्हणत होती ना?" "तिथे गेल्यावर हट्टाला पेटली," तुम्ही म्हणालात. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. परीक्षेला खोकत गेले, मला वेगळ्या खोलीत बसवलं, हवं होतं ते हायस्कूल गेलं. आणि त्या दिवाळीत इचिकावाला एका मराठी कुटुंबाकडे फराळाला जमलो होतो तेव्हा, आठवतं? मी त्या घरच्या काकूंबरोबर ओट्याशी चकल्या ताटात लावत होते, तुम्ही बाहेर हसत सांगत होतात, "अहो, अभ्यास सोडून समुद्रावर पळाली, मग काय होणार! मी होतो म्हणून वाचली." मी ताट घेऊन बाहेर आले. तुमची नजर माझ्याकडे गेली. मला वाटलं, आता तरी थांबतील. तुम्ही एक चकली उचललीत आणि म्हणालात, "पण धीट आहे हो माझी मुलगी." सगळे हसले. मी ताट ठेवलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

चार वर्षं आपण असेच जेवलो, एकमेकांना आमटी वाढत. मग कंपनीने तुम्हाला ओसाकाला पाठवलं आणि तिथे एका सकाळी स्टेशनच्या जिन्यात तुम्ही बसलात ते उठला नाहीत. मी एकोणीस वर्षांची. हॉस्पिटलात डॉक्टर जपानीत बोलले आणि आईने माझी बाही धरून विचारलं, "काय म्हणतायत?" तेही मीच मराठीत सांगितलं. तेराव्याला पुण्यात प्रत्येकजण माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणत होता, "समुद्रातून काढलं होतं गं तुला त्यांनी."

पहिली नोकरी लागली तेव्हा मी स्वतःच्या मापाचा कोरडा सूट शिवून घेतला आणि त्याच किनाऱ्यावर गेले. हिवाळ्यातच. लोकांना वाटतं हे तुमच्या आठवणीत चाललंय. ते रागाने चाललं होतं. तुम्ही मला ज्या वाऱ्यात सोडलंत त्यात मला एकटीला उभं राहून दाखवायचं होतं, आणि बघायला तुम्ही नव्हतात याचाही राग होता. आता सहा हिवाळे झाले. मालक सत्तरीच्या पुढे गेलेत. आमचं बोलणं वारा, भरती, कंबरदुखी एवढंच.

गेल्या रविवारी माझ्या लॅबमधली एक मुलगी पहिल्यांदाच बरोबर आली होती. उत्तरेचा वारा होता. ती म्हणाली, पाणी किती शांत आहे, जाऊया ना. मी तिला थांबवलं आणि नेहमीचं सांगितलं, मी पंधराची असताना अशाच दिवशी वडिलांचं न ऐकता आत गेले होते. बाबा, मी अजून तेच सांगते. तेरा वर्षं झाली, जपानीत ती गोष्ट मला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने सांगताच येत नाही. ती मुलगी कपडे बदलायला गेली. मी नुकतीच पाण्यातून आले होते, मालक माझ्या गारठलेल्या हातांवर कॅनमधलं गरम पाणी ओतत होते. ते म्हणाले, "तू अजून तसं का सांगतेस?"

मी हात पाण्याखाली फिरवत राहिले. मग ते बोलले. मिठाईचा खोका देऊन झाल्यावर दोन-तीन दिवसांनी तुम्ही एकटे तिथे गेला होतात. कामाच्या दिवशी, सूट-टाय घालून. खिशातून एक कागद काढलात, त्यावर कुणाकडून तरी लिहून घेतलेली जपानी वाक्यं होती, खाली तुमच्यासाठी देवनागरीत उच्चार. मुलीची चूक नाही. तिला मी नेलं. तिला खोटं बोलायला मी लावलं. तुम्ही ते दोनदा वाचलंत, कारण पहिल्यांदा आवाज फुटला नाही, आणि मग वाकलात ते मालकांनी हात लावेपर्यंत सरळ झाला नाहीत. "हे मला नको, मुलीला सांगा," असं मालक म्हणाले. तुम्हाला किती समजलं कोण जाणे, पण तुम्ही "हाय, हाय", म्हणजे हो, हो, म्हणालात आणि गेलात.

मला वाटलं होतं, असं काही कधी कळलं तर राग निवेल. तो वाढला. तो कागद लिहून घ्यायला तुम्ही ऑफिसातल्या कुणाला तरी हे सगळं सांगितलंत. त्याला सांगितलंत, दुकानदाराला सांगितलंत, न येणाऱ्या भाषेत, उच्चार घोकून. मी तर मराठी बोलत होते, बाबा. पलीकडच्या खोलीत होते. आणि हे केल्यानंतर, आठ-दहा महिन्यांनी, तुम्ही इचिकावाला ती चकली उचललीत. तोवर तुम्हाला सगळं ठाऊक होतं. कागदावर लिहिलेलं होतं. न कळून वागला असतात तर मी काहीतरी करून तुम्हाला माफ केलं असतं.

हे मी आईलाही दाखवणार नाही. ती पुण्यात तुमची ती गोष्ट अजून सांगते आणि सांगताना तिचा चेहरा उजळतो. तो विझवायला माझा हात उठत नाही. हे पत्र दुमडून ठेवून देईन कुठेतरी. पण एक सांगायचं राहिलं. मालकांनी बोलणं संपवलं, कॅनचं झाकण लावलं आणि विचारलं, "तुला त्यांनी सांगितलं असेलच ना?" फार आशेने विचारलं हो त्यांनी. मी म्हटलं, हो, त्याच आठवड्यात. घरी आले, माझ्या टेबलाशी बसले आणि माफी मागितली. "योकात्ता," ते म्हणाले, बरं झालं, आणि खरंच त्यांच्या मनावरचं काहीतरी उतरलं. तेवढ्यावर थांबायचं होतं. पण मी पुढेही बोलत राहिले. तुम्ही काय काय म्हणालात, कसे रडलात, मी काय उत्तर दिलं, सगळं रचून सांगत राहिले, पाणी गार होईपर्यंत. मला थांबवेना.